ओ-रिंग, तांबं आणि खारी हवा: मालवणात केलेलं वॉटर कूलिंग

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगने खोली थंड होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं मशीन बघायला येणारा प्रत्येक जण मागच्या जाळीवर हात धरतो आणि म्हणतो, "अरे, गरमच हवा येते की!" येणारच. प्रोसेसरने दीडशे वॅट खाल्ले तर दीडशे वॅटची उष्णता खोलीतच येणार, मध्ये नुसता पंखा असो नाहीतर पाणी. पाण्याचं काम एवढंच की त्या बोटभर चिपवरची उष्णता झटकन उचलायची आणि मोठ्या रेडिएटरवर नेऊन हवेच्या हवाली करायची. ती हवाच मे महिन्यात चौतीस अंशांची असेल तर पाणी चौतीसच्या खाली जाणार नाही. मालवणात बसून हा हिशेब ज्याला पटला त्यानेच पुढे पैसे घालावेत.

मी तारकर्ली-मालवणच्या पाण्यात स्कूबा करणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ काढतो आणि रात्री घरी एडिट करतो. दिवाळी ते मे हा आमचा सीझन. लोकांना सकाळी परतीची गाडी पकडण्याआधी व्हिडिओ हातात हवा असतो, त्यामुळे रात्रभर एकामागून एक फोर-के फाइली एक्स्पोर्ट होत राहतात. मशीन मीच जोडलेलं आहे, रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसरचं. बारा कोअर, कागदावर १०५ वॅट, पण पूर्ण कामाला लागल्यावर मदरबोर्ड त्याला १४२ वॅटपर्यंत खाऊ देतो. याची मर्यादा ९० अंश. तिथे पोचला की तो आपण होऊन वेग उतरवतो. एप्रिल-मेच्या रात्री खिडकी उघडी ठेवूनही तो त्या आकड्याच्या आसपासच घुटमळायचा, पंखे पूर्ण वेगाने, आणि पलीकडच्या खोलीतून आई विचारायची, "गिरण सुरू केलंस काय रे?"

दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पाच-सात हजारांत मिळतो आणि एकट्या प्रोसेसरसाठी तो बहुतेकांना पुरतो. कुणी सल्ला विचारला तर मी अजूनही तोच सांगतो. माझ्याकडे तसा होताच. पण घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, दोन पावसाळ्यांत त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरायला लागली होती. एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी इथे कशी चुरा होऊन पडते ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. बदलायचा तर होताच. उरलेलं कारण हौस.

मग बंद पेटीतला तयार लिक्विड कूलर का नाही घेतला? त्यात पंप, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यातच जोडून, पाणी भरून सीलबंद येतं. लावायला सोपा, किंमतही बरी. पण तो उघडून दुरुस्त करायची सोय नसते. पंप गेला की अख्खा कूलर सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. मालवणातून कुरियरने जाऊन परत येईपर्यंत मशीन बंद, आणि सीझनमध्ये मला ते परवडत नाही. त्यातून अशा बऱ्याच कूलरमध्ये प्रोसेसरवरची प्लेट तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. आतल्या द्रवात गंजरोधक असतो म्हणून चालतं, पण मला ती जोडी नको होती. सुट्या भागांचा लूप केला तर जे बिघडेल तेवढंच बदलता येतं. पंप एक जादाचा कपाटात ठेवला की झालं.

लूप म्हणजे फार काही नाही. प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, रेडिएटर आणि त्यावरचे पंखे, पंप, पाण्याची छोटी टाकी, नळ्या, आणि हे सगळं जोडणारी फिटिंग. फिटिंगकडे कुणी आधी बघत नाही आणि खिसा तिथेच हलका होतो. एकेक कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नळी आवळून धरणारं, काही शे रुपयांना. ब्लॉकला दोन, रेडिएटरला दोन, टाकी-पंपाला दोन, पाणी काढायच्या तोटीसाठी टी, वळणं घ्यायला काटकोनी तुकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सीलबंद कूलर हवे तेवढे दिसले, पण हे सुटे सामान मला ऑनलाइनच मागवावं लागलं. पंप डी-५ जातीचा घेतला. जुनं, सिद्ध झालेलं डिझाइन, आणि आवाज कमी. रेडिएटर ३६०चा, म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसणारा, तांब्याच्या पट्ट्या आणि पितळेच्या टाक्यांचा. एकट्या प्रोसेसरला २४०चाही पुरला असता. पण उद्या ग्राफिक्स कार्ड लूपमध्ये घ्यावंसं वाटलं तर रेडिएटर बदलायला नको. शिवाय रेडिएटर मोठा असला की पंखे हळू फिरवता येतात आणि आवाज बसतो. एकूण तीस हजारांच्या पुढे गेलो. आईला मी आकडा सांगितलेला नाही.

तिला आक्षेप वेगळाच होता. "कॉम्प्युटरात पाणी घालतंस? डोक्यार पडलंस काय रे?"

आमच्या वाडीत एक काका ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. सामानाचा खोका उघडला तेव्हा ते पडवीत चहा पीत बसले होते. रेडिएटर हातात घेतला, पंप उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाले, "आमच्या इंजिनासारख्यांच मा ह्यां!" त्यांचं बरोबर होतं. कित्येक बोटींत इंजिनाच्या आत गोडं पाणी बंद चक्रात फिरतं आणि त्याची उष्णता बाहेरच्या खाऱ्या पाण्याला दिली जाते. खारं पाणी थेट इंजिनात फिरवलं तर ते आतून खातं. माझ्या लूपमध्ये समुद्राची जागा खोलीतल्या हवेने घेतली, एवढाच फरक. त्या संध्याकाळी काकांनी मला जे सांगितलं त्याचं सार एका वाक्यात होतं: "तांबा आणि अल्मिन एका पाण्यात घालू नको."

बोटीच्या तळाला, पंख्याच्या दांड्याजवळ, जस्ताची प्लेट ठोकलेली असते. वेगवेगळे धातू एका खाऱ्या पाण्यात आले की त्यांची एक बॅटरीच तयार होते आणि त्यातला हलक्या दर्जाचा धातू झिजत जातो. जस्त सगळ्यांच्या आधी झिजतं, म्हणून बाकीचं वाचतं. प्लेट खाल्लेली दिसली की काका खूश होतात, कारण ती काम करतेय. कॉम्प्युटरच्या लूपमध्ये अशी बळीची प्लेट कुणी लावत नाही. तिथे उपाय सरळ आहे, ॲल्युमिनियम आत येऊच द्यायचं नाही. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकमेकांबरोबर बऱ्यापैकी नांदतात. म्हणून मी प्रत्येक भागाची धातूची माहिती वाचून घेतली, फिटिंगचीसुद्धा. स्वस्त मालात रेडिएटरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आकार असतो आणि धातू कोपऱ्यात बारीक अक्षरांत, किंवा नसतोच. नसेल तर ॲल्युमिनियम समजून पुढे जायचं.

पाण्याचं काय? आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं, ते तर नाहीच. नळाचंही नाही. बॅटरीवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो, त्याला सगळे डिस्टिल्ड वॉटर म्हणतात, पण बहुधा ते क्षार काढलेलं पाणी असतं. आरओवाल्याच्या मीटरवर मोजून घेतलं, जवळजवळ शून्य. धुवायला ते वापरलं. भरायला मात्र गंजरोधक आणि शेवाळनाशक आधीच मिसळलेलं, बिनरंगाचं तयार कूलंट घेतलं. काकांनी गाडीचं हिरवं कूलंट सुचवलं होतं. पण ब्लॉकच्या आत तांब्याच्या पट्ट्या इतक्या बारीक असतात, फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद, की रंग आणि गाळ तिथे पहिल्यांदा अडकतो. चमकणाऱ्या रंगीत द्रवांपासूनही मी याच कारणाने लांब राहिलो. फोटोत छान दिसतात. सहा महिन्यांनी ब्लॉक उघडून दात घासायच्या ब्रशने कोण घासत बसणार?

नळ्यांचंही तेच. काचेसारख्या पारदर्शक कडक नळ्या हीट गनने वाकवून केलेली मशीन बघून तोंडाला पाणी सुटतं, हे मान्य. पण पीईटीजी या प्लॅस्टिकची कडक नळी साठ अंशांच्या पुढे नरम पडायला लागते, आणि आमच्याकडे पाण्याची सुरुवातच तीस-पस्तीसपासून होते. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडला तर? मऊ पारदर्शक पीव्हीसी नळीतून प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं आणि नळी धुरकट होते. ईपीडीएम रबराची काळी नळी यातलं काहीच करत नाही. दिसायला गाडीच्या होजसारखी, पण उजेड आत जात नाही, त्यामुळे शेवाळाला वाव कमी. आणि कोकणात शेवाळाला कशावर धरायचं ते शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात ते चिऱ्यावर, कौलांवर, चार दिवस बाहेर राहिलेल्या चपलेवरही धरतं.

आता ओ-रिंग. इथे मला माझ्या धंद्याचा उपयोग झाला. पाण्याखाली कॅमेरा ज्या डब्यात ठेवतो त्याचं झाकण एका रबरी ओ-रिंगवर बसतं. त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला तरी कॅमेरा गेला. म्हणून रोज रात्री ती रिंग काढायची, बोटाने चाचपायची, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, परत बसवायची. कूलिंगची फिटिंग तंतोतंत याच तत्त्वावर चालतात. पाणी अडवते ती रिंग. आटे फक्त तिला जागेवर दाबून धरतात. काका टेफ्लॉन टेपचं रीळ घेऊनच आले होते आणि मी नको म्हटल्यावर चकित झाले. "टेफ्लॉन कित्याक नको?" कारण हा आटा निमुळता नाही, सरळ आहे. जी १/४ म्हणतात तो आपल्या नळकामातल्या पाव इंची मापाचाच, पण सरळ काटलेला. निमुळता आटा आवळत जावं तसा घट्ट होतो आणि टेप त्याच्या फटी भरते. सरळ आट्याला टेप गुंडाळली तर रिंग नीट टेकतच नाही. आणि पान्याने तर आवळायचंच नाही. टाकी ॲक्रिलिकची असते, तिला तडा जातो. हाताने बसेल तेवढं, आणि वर अगदी थोडं.

दाबाची भीती मात्र मी स्वतः हिशेब करून घालवली. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. पर्यटकांना आम्ही पाच-सात मीटरवर नेतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या रिंगवर अर्ध्याहून जास्त वातावरणाचा जादा दाब. डी-५ पंप पूर्ण जोरात पाणी फार तर चार मीटर उंच चढवू शकतो, म्हणजे जेमतेम ०.४ वातावरण. ज्या रिंगांवर मी दररोज कॅमेरा सोपवतो त्यांच्यावरचा दाब जास्त आहे. हे कळल्यावर रात्री झोप नीट लागायला लागली.

काम मुद्दाम जुलैत काढलं. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद, हातात वेळ. आधी रेडिएटर धुतला. नव्या रेडिएटरच्या आत डाग मारताना (सोल्डरिंग करताना) राहिलेलं फ्लक्स आणि कचरा असतो आणि तो धुतला नाही तर थेट ब्लॉकच्या फटींत जाऊन बसतो. न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटलेला होताच. कढत नाही पण चांगलं गरम पाणी भरायचं, तोंडं बुचांनी बंद करायची, दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं, ओतायचं. पहिल्या पाण्याबरोबर काळे कण निघाले, मग कमी, मग स्वच्छ. शेवटचे दोन हात बॅटरीच्या पाण्याचे, म्हणजे नळाचे क्षार मागे राहत नाहीत. आई बंबाशी उभी राहून बघत होती. "इंजिनाक न्हाव घालतंस?" एवढंच म्हणाली.

जुना कूलर काढताना एक गोष्ट एएम-४ सॉकेटवाल्यांनी लक्षात ठेवावी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा). या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सॉकेटची पकड तेवढी घट्ट नसते. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप, सुकून चिकटलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरच उपटून हातात येतो, पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं कामाला लावून गरम करायचं, बंद करायचं, प्लग काढायचा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळून मग उचलायचा. तसा अलगद निघाला.

रेडिएटरवर पंखे लावताना स्क्रूची लांबी बघायची. पंखा २५ मिलिमीटर जाड, स्क्रू ३०चा. याहून लांब घेतला तर त्याचं टोक पट्ट्यांमधून थेट पाण्याच्या नळीत घुसतं आणि नवा कोरा रेडिएटर भंगारात. मी बरोबर आलेले स्क्रू ठेवले नाहीत, कारण साधे काळे स्क्रू इथे वर्षभरात तांबूस होतात. त्याच मापाचे ३१६ ग्रेड स्टेनलेसचे आणले. बोटवाले तेच वापरतात. तीस म्हणजे तीस, पट्टी लावून मोजले.

रेडिएटर पुढे की वर, यावर मी बराच घोळ घातला. वर लावला तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा त्यातून बाहेर जाते, म्हणजे पाणी थोडं जास्त तापतं. पुढे लावला तर बाहेरची ताजी हवा आधी रेडिएटरला मिळते, पण ती थोडी तापून आत शिरते. आमच्याकडे बाहेरची हवाच तापलेली, म्हणून पाण्याला तरी पहिला मान द्यावा असं ठरवून पुढे लावला, त्याच्यापुढे बारीक जाळी. नळ्या कुठून कुठे जाव्यात याचा मात्र फार विचार केला नाही, कारण त्याने फरक पडत नाही. मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल तर १४२ वॅटने ते एका फेरीत पाऊण अंशही तापत नाही. सगळ्या लूपमध्ये पाणी जवळपास एकाच तापमानाला असतं. एकच क्रम पाळायचा: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्या वर, म्हणजे पंपाला पाणी आपोआप मिळत राहील. या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं. कोरडा चालवला तर तो तिथेच संपतो.

पाणी भरताना फक्त पंपाला वीज द्यायची, मदरबोर्डला नाही. त्यासाठी पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या मोठ्या केबलमधली पॉवर-ऑनची पिन शेजारच्या ग्राउंडशी जोडणारा तयार जंपर मिळतो, शंभर-दीडशे रुपयांना. तो घ्यावा. वायरचा तुकडा खोचूनही होतं, पण मग तो हलतो. टाकी भरायची, पंप दोन सेकंद चालू, पाणी खाली गेलं की बंद, परत भरायची. असं करत करत लूप भरतो. मग केस पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलती करून रेडिएटरमधली हवा टाकीपर्यंत आणायची. बुडबुडे आत असेपर्यंत पंप खळखळ वाजतो. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून घरातले सगळे माझ्याकडे बघत होते.

गळती तपासायची सर्वांना माहीत असलेली पद्धत म्हणजे प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून एक अख्खा दिवस नुसता पंप चालू ठेवायचा. ही पद्धत ज्याने काढली तो जुलैत कोकणात आलेला नसावा. सकाळी बघतो तर सगळेच टिश्यू मऊ, दमट. हात लावला की ओलसर. गळतीचं पाणी कोणतं आणि पावसाची हवा कोणती, कसं ओळखणार? टेबलावर मशीनपासून लांब एक टिश्यू ठेवला, तोही तसाच. शेवटी त्या लांबच्या टिश्यूशी तुलना करत राहिलो. पण त्याने मन भरेना. लूप रिकामा केला आणि हवेने तपासला. त्यासाठी दाबाचा काटा असलेला छोटा हातपंप मिळतो. लूपमध्ये अर्धा बार हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. इथेही एक मेख आहे. रात्री पाऊस लागून खोली तीन अंशांनी उतरली तर हवा आकसते आणि काटा केसभर खाली येतो. ती गळती नव्हे. सकाळी खोली तापल्यावर काटा परत जागेवर आला, तेव्हा मी पाणी भरायला घेतलं. पुन्हा करायची वेळ आली तर पाण्याआधीच हवेने तपासेन.

"शुद्ध पाणी वीज वाहत नाही, गळलं तरी काय होतंय" असं म्हणणारे भेटतात. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण लूपमध्ये फिरून ते शुद्ध राहत नाही. आणि किनाऱ्यावरच्या घरात बोर्डावर मिठाचा आणि तांबड्या धुळीचा थर असतोच. त्यावर थेंब पडला की तो लगेच खारा.

दुसरी भीती दवाची. एवढी दमट हवा, आत पाणी, म्हणजे नळ्यांना घाम येणारच, असं मला चार जणांनी सांगितलं. थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ते ग्लास हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असतो म्हणून. पावसाळ्यात मालवणचा दवबिंदू पंचवीस-सव्वीसच्या आसपास असतो. माझ्या लूपमधलं पाणी कधीच खोलीपेक्षा थंड होत नाही, चालू असताना तर अडतीस-चाळीस अंशांना असतं. त्यामुळे घाम सुटायचा प्रश्नच नाही. उलट मशीन चालू असलं की आतले भाग आजूबाजूपेक्षा कोरडे राहतात. घाम येतो तो माझ्या कॅमेऱ्याच्या डब्याला. आत कॅमेरा तापतो, बाहेर समुद्र काचेला गार करतो, आणि डबा बंद करताना आत राहिलेली दमट हवा काचेवर उतरते. म्हणून त्यात सिलिका जेलच्या पुड्या. कॉम्प्युटरला बर्फ किंवा चिलर लावायचे उद्योग केले तर तोच त्रास तिथेही सुरू होईल. ते करू नये.

थर्मल पेस्ट, ब्लॉक, पंपाची वेगाची वायर, चालू. पंपाची वायर मी मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या, म्हणजे प्रोसेसरच्या पंख्याच्या, जागी लावली आहे, म्हणजे पंप फिरत नसेल तर मशीन सुरू होतानाच तक्रार करतं. चालू असताना पंप थांबला तरी प्रोसेसर आधी वेग उतरवतो आणि फारच तापला तर स्वतःहून बंद पडतो. काकांनी विचारलं, "आणि लाईट गेली तर रे?" लाईट गेली की पंप आणि प्रोसेसर दोन्ही एकदमच थांबतात, त्यामुळे काही बिघडत नाही. यूपीएसवर असेल तर दोन्ही बरोबर चालतात.

आकडे सांगायचे तर खोली एकोणतीस-तीस अंश, पाणी अडतीस, प्रोसेसर पूर्ण भारावर सत्तरच्या आत-बाहेर. पण हा पावसाळ्यातला आकडा. मे महिन्यात खोलीचे चार-पाच अंश वाढतील तेवढेच पाण्याचे आणि प्रोसेसरचेही वाढतील. तरी नव्वदपासून बरंच लांब. फरक कानाला जास्त कळतो. मी टाकीवर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवला आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाला बांधला. प्रोसेसरचं तापमान एखादी फाइल उघडली तरी सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखेही तसेच हुरळतात. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. पंखे आता रात्रभर एकाच सुरात असतात. बोर्डावर सेन्सरची जागा आहे का, ते मात्र आधी बघून घ्या, सगळ्यांवर नसते.

पाण्याने मला त्रास दिला नाही. त्रास देते ती हवा. पुढची जाळी पंधरवड्यात तांबडी होते. चिऱ्याची धूळ आणि मीठ मिळून चिकट थर बसतो, नुसत्या फुंकरीने निघत नाही, धुऊन वाळवावी लागते. रेडिएटरच्या पट्ट्यांना काळा रंग आहे तो टिकेल तितका टिको. पट्ट्या मी ब्लोअरने लांबूनच साफ करतो, ब्रश लावत नाही, रंग खरवडला की तांबं उघडं पडेल. मुंग्यांना उबदार पॉवर सप्लाय आवडतो, पालींना त्याहून जास्त. मागच्या मोकळ्या जागांवर बारीक जाळी चिकटवली आहे. कूलंट वर्षातून एकदा, जूनमध्ये, बोटी किनाऱ्याला लागल्या की बदलायचं ठरवलंय. त्यासाठीच सगळ्यात खालच्या बिंदूला टी आणि तोटी आहे. ती तोटी नसेल तर पाणी काढताना केस आडवी करून पाण्याशी कुस्ती खेळावी लागते. फिटिंगच्या खर्चात कुठे काटकसर करायची असेल तर करा, तोटीवर करू नका.

ग्राफिक्स कार्ड अजून आपल्या पंख्यांवरच आहे. त्याचा ब्लॉक कार्डाच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला असावा लागतो आणि लावायचा तर कार्ड उघडावं लागतं. वॉरंटी अजून शिल्लक आहे. ती संपेपर्यंत आणि दिवाळीनंतर सीझनचे चार पैसे हातात येईपर्यंत त्याला हात लावणार नाही. काकांनी मात्र आतापासूनच सांगून ठेवलंय की तेव्हा मला बोलाव, टेफ्लॉन आणणार नाही.